सह्याद्रीचा टँक करायचाय: वाहता ओढा की थांबलेला डोह?

निऑन टेट्रा आणि प्लास्टिकचा किल्ला आता नको, आपल्याकडचंच पाणी आणि आपल्याकडचेच मासे घरात हवेत असं ठरवलेलं असेल तर पुढचा प्रश्न लगेच येतो, की नक्की कुठलं पाणी? पुण्यातून पश्चिमेला निघालं, मुळशी म्हणा, वेल्हे म्हणा, भोर म्हणा, की डोळ्यासमोर पहिला येतो तो खळाळता ओढा. माझ्याही तोच आला. तीन फुटी टँकमध्ये मी तो दीड वर्ष चालवला. आता गेली दोन वर्षं दोन फुटी टँकमध्ये डोह आहे, म्हणजे ओढ्याचं पाणी आटत आल्यावर झाडाखाली जे थांबून राहतं ते, पानांनी भरलेलं. दोन्ही केलेत म्हणून लिहितोय. माझा अनुभव दोन टँकांचाच आहे, तेवढं धरून वाचा.

ओढ्याची मजा आधी सांगतो कारण ती खरंच आहे. काळे गुळगुळीत गोटे, एका टोकाला पॉवरहेड (पाण्यात बुडवून धार मारणारा पंप), ताशी टँकच्या दहा-पंधरा पट पाणी फिरतंय आणि त्या धारेत मळ्या, ओढ्यातला एक छोटा मासा, दगडाला चिकटून बसलाय. शेपूट हलत नाही, नुसते कल्ले हलतात, आणि मधेच सुर्रकन पुढच्या दगडावर. १८३९ मध्ये ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावंच त्याने शास्त्रीय नावांत घातली, मळ्याचं मुल्या, तसंच मूरेह, कोलस, खुदरी. तो मासा आपल्या हॉलमध्ये धारेला तोंड करून बसलेला बघताना मला फार भारी वाटायचं. वरच्या पाण्यात डेव्हारिओ, ज्याला दुकानात जायंट डॅनिओ म्हणतात, आठ-दहांचा थवा कायम धारेविरुद्ध पोहत असतो, त्याच्या अंगावरच्या निळ्या-पिवळ्या रेघा सकाळच्या उन्हात बघाव्यात. फक्त झाकण घट्ट हवं, उडी मारतो.

डोहात असलं काही नाही. खाली बारीक वाळू, त्यावर जांभूळ-उंबराची वाळलेली पानं, एक वाकडी फांदी, मागे व्हॅलिस्नेरिया, म्हणजे लांब पट्टीसारखी पाणवनस्पती. पाणी चहासारखं. टिक्टो बार्ब (दोन काळे ठिपकेवाला), रासबोरा, वाळूत लपणारे दोन लोच, म्हणजे मिशांचे, तळाशी राहणारे मासे. पहिल्या आठवड्यात घरी आलेल्या प्रत्येकाने पाणी बदलायला झालंय का हे विचारलं. खरं सांगायचं तर पहिल्या महिन्यात मलाही वाटलं की आपण मोठा टँक उगाच मोडला.

आता ज्यावरून माझं ठरलं ते. घरघर.

पॉवरहेडचा आवाज दुकानात कळतच नाही, तिथे वीस पंप चालू असतात. घरी उन्हाळ्यात पंखा फुल असतो, तेव्हाही नाही कळत. नोव्हेंबरात पंखे बंद झाले आणि रात्री अकरानंतर सोसायटी शांत झाली की ती बारीक, एकसुरी घरघर टँकमधून स्टँडमध्ये, स्टँडमधून फरशीत आणि फरशीतून अख्ख्या हॉलभर पसरायची. आमचा वन बीएचके, आई हॉलमध्ये झोपते. मी टँकखाली थर्माकोल घातला, पंपाचे रबरी सक्शन कप बदलले, पंप काचेपासून सुटा करून दगडाला बांधून पाहिला. दोन दिवस बरं वाटायचं, मग इंपेलरमध्ये (पंपाच्या फिरत्या पात्यात) पानाचा तुकडा किंवा वाळूचा कण जायचा की परत सुरू. दर चार दिवसांनी पंप उघडून जुन्या टूथब्रशने घासायचा. शेवटी आई रात्री बटण बंद करायला लागली. तिची काहीच चूक नाही, तिला झोप लागत नव्हती, आणि मासे पाण्यातच तर आहेत असं तिला वाटणं साहजिक आहे. सकाळी साडेसहाला मी उठून बघायचो तर मळ्या दगड सोडून वर काचेला, पाण्याच्या रेषेला येऊन चिकटलेले, कल्ले भराभर चाललेले. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी एक गेला.

त्यानंतर मी जरा नीट विचार केला. ओढ्यातला मासा धारेवर जगतो कारण धारेत ऑक्सिजन भरपूर आणि पाणी गार. २० अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एप्रिल-मे मध्ये टँक ३० च्या वर सहज जातो, त्यात पंपाची स्वतःची उष्णता पाण्यातच उतरते, म्हणजे ज्या महिन्यांत धार सगळ्यात जास्त लागते त्याच महिन्यांत ती पाणी तापवायलाही मदत करते. आणि दुपारी दोन तास वीज गेली की बटण कोणी बंद न करता तेच होतं. बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवता येतो, मी ठेवला होता, पण वीज जाते तेव्हा आपण ऑफिसात असतो.

डोहाला हे काही लागत नाही. एक लहानसा स्पंज फिल्टर, एअर पंप भिंतीला खिळ्यावर दोरीने लटकवलेला म्हणजे कंपनं कुठे जातच नाहीत, आणि तो चार तास बंद राहिला तरी टिक्टोंना पत्ता नसतो, अर्थात सत्तर लिटरमध्ये बारा-तेरा छोटे मासेच ठेवलेत म्हणून. आई आता त्याच्यासमोर बसून भाजी निवडते.

आणि एक गोष्ट, जी मला मार्चमध्ये वेल्ह्याकडे गेल्यावर दिसली आणि तिथे माझ्या मनातली उरलीसुरली खंत गेली. आपण आपला ओढा पावसाळ्यात बघायला जातो म्हणून तो तसाच लक्षात राहतो. ताम्हिणीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो पण तो जवळपास सगळा चार महिन्यांत, आणि खालचा कातळ बेसॉल्टचा, पाणी फार धरून ठेवत नाही. दिवाळीनंतर धार बारीक होत जाते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत बऱ्याच ओढ्यांचे तुटक डोह उरतात. जूनमध्ये चढणीला वर आलेले मासे मग पुढच्या पावसापर्यंत त्याच डोहांत राहतात. मी एका डोहाकाठी तासभर बसलो होतो. उंबराची पानं तळाला तीन थर, वरची पिवळी, खालची काळी आणि जाळी पडलेली, आणि त्या जाळीतून बोटाएवढा मासा डोकं बाहेर काढून परत आत. म्हणजे थांबलेलं पाणी ही काही ओढ्याची स्वस्त नक्कल नाही. वर्षातले काही महिने आपला ओढा असाच असतो.

डोहाचेही त्रास आहेत. पाण्यावर तेलकट साय धरते, स्पंज फिल्टरचे बुडबुडे जरा वर ठेवले की फुटते. पानं दोन-तीन महिन्यांत विरघळतात, नवी टाकत राहावी लागतात, आणि ती झाडावरून तोडलेली हिरवी नकोत, गळून वाळलेली हवीत, दोन दिवस बादलीत भिजवून. ओढ्याकाठी करंजही खूप असतो, त्याची पानं-शेंगा घेऊ नका, करंजाचं बी आणि मूळ मासे मारायला वापरतात. वाळू नदीची बारीक. बांधकामावरची क्रश सँड धारदार असते, लोचच्या मिशा त्यात खराब होतात.

दोन्हीकडे लागू असलेलं थोडंसं. दगड आपलाच काळा घ्या पण त्यात पांढरे खडे किंवा शिरा असतील तर व्हिनेगरचा थेंब टाकून बघा, फसफसलं तर चुना आहे, पाणी जड करेल. महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी मऊ असतं आणि या माशांना छान चालतं, फक्त क्लोरिन घालवून. बोअर किंवा टँकरवर असाल तर आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) बघा. पाणी बदलायचं ते बुधवारी, गुरुवारी पाणी बंद असायची शक्यता असते. मासे अभयारण्यातून अजिबात आणू नका, ताम्हिणी २०१३ पासून अभयारण्य आहे. डॅनिओ, रोझी बार्ब वगैरे दुकानात मिळतात. 'वेस्टर्न घाट' म्हणून मिस केरळ गळ्यात मारतात, तो मासा दक्षिणेकडचा, आपल्या ओढ्यांतला नाही, वरून छोट्या टँकची जागा त्याला पुरत नाही. रंग टोचलेले ग्लासफिश तर कृपया कोणीच घेऊ नका. आणि टँक बंद करायची वेळ आली तर मासे नदीत सोडायचे नाहीत, मुळा-मुठेत आधीच गप्पी आणि तिलापिया झालेत. माझे राहिलेले मळ्या मी पाच फुटी टँकवाल्या मित्राला दिले. त्याच्याकडे टँकला वेगळी खोली आहे, इन्व्हर्टर आहे, आणि तिथे ते मस्त आहेत.

तुमच्याकडे तशी खोली असेल, चार दिवसांनी पंप उघडायचा कंटाळा नसेल, तर ओढा करा, तो थवा बघण्यासारखा असतो आणि मी तुम्हाला अडवणार नाही. हॉलमध्येच ठेवायचा असेल, घरात कोणाची झोप सावध असेल, तर मला वाटतं डोह जास्त सोसेल. सुरुवात मार्चमध्ये केलीत तर पानं जिथे-तिथे मिळतील, आमच्या सोसायटीच्या मागच्या उंबराखाली मी सकाळी पिशवी घेऊन जातो, दहा मिनिटांत सहा महिन्यांची होतात. झाडणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या सातच्या आत सगळी गोळा करून जाळतात.