फिट येतात: सीटी की एमआरआय?

गडहिंग्लज-आजऱ्याकडून रात्री कोल्हापुरात आणलेल्या फिटच्या पेशंटचा आधी सीटी करणं योग्यच. मेंदूतला रक्तस्राव, मोठी गाठ, कॅल्शियम साठलेला जुना डाग काही मिनिटांत दिसतो.

पण ‘सीटी नॉर्मल’ म्हणून फाइल बंद करू नका, ही कळकळीची विनंती. हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणशक्तीशी संबंधित भाग) आकसलेला असेल किंवा मेंदूच्या बाह्य थरात जन्मजात बारीक दोष असेल, तर तो सीटीत सहसा निसटतो. एमआरआयमध्ये तो सापडू शकतो; शक्यतो ३ टेस्लाचं (जास्त ताकदीच्या चुंबकाचं) मशीन आणि एपिलेप्सी प्रोटोकॉलने, म्हणजे फिटच्या आजारासाठी ठरवलेल्या पद्धतीने, काढलेली पातळ थरांची चित्रं हवीत. चिठ्ठीवर तसं लिहून मागा. २ योग्य औषधं नीट घेऊनही फिट थांबत नसतील, तर ऑपरेशनचा विचार याच चित्रांवरून आणि व्हिडिओ ईईजीवरून (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद आणि सोबत पेशंटचं चित्रीकरण) होतो.

पेसमेकर असेल तर एमआरआयआधी नक्की सांगा.