शेत की दवाखाना? बायोइन्फॉर्मॅटिक्समधल्या दोन वाटा

बायोइन्फॉर्मॅटिक्स म्हणजे सजीवांची जनुकीय माहिती संगणकावर तपासणं. शेतासाठी असो की दवाखान्यासाठी, काम वरवर सारखंच: डीएनएचा क्रम वाचायचा, संदर्भ जीनोमशी (म्हणजे त्या जीवाच्या नमुना म्हणून ठरवलेल्या संपूर्ण डीएनएशी) जुळवायचा, फरक शोधायचा. प्रश्न मात्र वेगळे.

शेतात विचारतात, 'हा रोग कुठला?' २०१६ साली बांगलादेशात गव्हाच्या ओंब्या पांढऱ्या पडल्या. संशोधकांनी रोगट पानांतला आरएनए (डीएनएवरून पेशीत बनणारी प्रत) थेट वाचला आणि 'ब्लास्ट' या रोगाची ही बुरशी दक्षिण अमेरिकेतल्या गव्हावरच्या बुरशीशी जुळते, हे दाखवलं. माहिती लगेच सर्वांसाठी खुली केली. मला या क्षेत्रातलं हेच सर्वांत भावतं.

दवाखान्यात माहिती अशी उघडी टाकता येत नाही. तिथे समोर एक मूल असतं, त्याचे आईवडील असतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात डीएनएच्या एकाच अक्षराचा बदल पुरतो, आणि नंदुरबार-गडचिरोलीतल्या कितीतरी घरांनी तो सोसला आहे. बहुतेक बदल मात्र इतके स्पष्ट नसतात. 'अर्थ अनिश्चित' असा शेरा लिहिताना हात जड होतो, तरी तोच प्रामाणिक असतो.

नवख्याला मी आधी शेताकडे जा म्हणेन. गव्हाचा जीनोम माणसाच्या सुमारे पाचपट, शिवाय गुणसूत्रांचे सहा संच. त्या गुंत्यात बसलेली शिस्त पुढे रुग्णाचा अहवाल लिहिताना उपयोगी पडते.