फ्यून बेटावरची बिनदुकानदाराची दुकानं

डेन्मार्कला जाऊन आलेली आपली मंडळी हमखास म्हणतात, "तिथल्या भाजीला काही चव नाही." कोपनहेगनच्या सुपरमार्केटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या काकड्या घेतल्या तर दुसरं काय होणार? मी भाजी हाताळून, वास घेऊन घेणारी बाई आहे आणि मला या देशातली उत्तम भाजी मिळाली ती खेड्यातल्या रस्त्याकडेला, एका लाकडी खोक्यात. या खोक्यांना तिथे वायबोद म्हणतात. जूनअखेरच्या एका शनिवारी मी फ्यूनच्या दक्षिण भागात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे दिवसभरासाठी गेले होते. त्या दिवशीचं जवळजवळ सगळं जेवण आम्ही अशाच दुकानांतून गोळा केलं. हा अभिप्राय त्याच दुकानांबद्दल आहे.

जाणं सोपं आहे. कोपनहेगनहून फ्यूनवरच्या ओडेन्से शहरापर्यंत रेल्वेने सव्वा ते दीड तास लागतो. मधे स्टोरबेल्टची सामुद्रधुनी आहे. गाडी आधी समुद्राखालच्या बोगद्यात शिरते, एका चिमुकल्या बेटावर वर येते आणि पुढचं पाणी पुलावरून ओलांडते. 1997 मध्ये हा रेल्वेमार्ग सुरू होईपर्यंत इथे फेरीबोटीशिवाय इलाज नव्हता. ओडेन्सेला गाडी बदलून स्वेनबोर्गकडे जाणारी छोटी गाडी धरायची आणि रिंगेला उतरायचं. पुढे मात्र कुणीतरी न्यायला आलेलं बरं, कारण शनिवार-रविवारी खेड्यातल्या बसचा भरवसा धरू नये. मैत्रीण गाडी घेऊन आली होती.

स्टेशनपासून तिच्या घरापर्यंतच्या वाटेतच पहिलं वायबोद लागलं. लाल रंगाचं, उतरत्या छपराचं, कपाटाएवढं. आत दोन फळ्या. वरच्या फळीवर मटाराच्या शेंगांच्या पिशव्या, खालच्या फळीवर बटाटे. बाजूला खिळ्याला अडकवलेल्या पाटीवर हाताने लिहिलेले भाव आणि फोन नंबर, आणि फळीला स्क्रूने पक्की ठोकलेली पत्र्याची पेटी. वर नाणं टाकायला फट. आसपास माणूस नाही. मागे शेत, शेतापलीकडे घर, घरासमोर उंच काठीवर डेन्मार्कचा झेंडा. आपण हवं ते उचलायचं, भाव वाचायचा, पैसे टाकायचे आणि निघायचं.

बटाट्यांबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे. मी पिशवी उघडली तेव्हा माती अजून ओली होती. त्यातला एक बटाटा घेऊन अंगठ्याने नुसता चोळला तर साल पापुद्र्यासारखी निघाली. ही नव्या बटाट्याची खूण. दोन दिवस पडून राहिला की साल घट्ट धरते आणि मग सुरी लागते. आकार मोठ्या बोराहून थोडा जास्त. एक किलोला पंचवीस क्रोन मोजले, आणि ते सुपरमार्केटपेक्षा स्वस्त होते असं मी म्हणणार नाही. पण घरी जाऊन मिठाच्या पाण्यात उकडले, वरून लोणी आणि शेपू घातला, आणि मी दुसऱ्या कशालाही हात न लावता तेवढेच खात राहिले. चव गोडसर, आतून ओलसर, तरी फुटत नाहीत. उरलेले गार झाल्यावर मैत्रिणीच्या नवऱ्याने काळ्या राय ब्रेडवर चकत्या मांडल्या, वर मेयॉनेज, चिरलेली कांद्याची पात आणि कुरकुरीत तळलेला कांदा. बटाटा-ब्रेड हे काय जेवण, असं वाटलं असेल तर खाऊन बघा. शाकाहारी माणसाला या देशात इतकी समाधानाची डिश क्वचित मिळते.

मटाराच्या शेंगा तिथले लोक शिजवत नाहीत, चालता चालता सोलून कच्च्याच खातात. आम्हीही तेच केलं. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, गोड होत्या.

दुपारी सायकली काढल्या. या भागात चढउतार आहेत, अगदी सपाट देश समजून जाऊ नका. गव्हाच्या शेतांमधून अरुंद डांबरी रस्ता, मधेच गवताने शाकारलेली जुनी घरं, आणि दर थोड्या अंतरावर एखादं वायबोद. सगळी सारखी नसतात. एकात फक्त जुने कप-बशा आणि मुलांची पुस्तकं होती. तिथे थांबायची गरज नाही. एकात स्ट्रॉबेरी होत्या, पण खोक्याचं तोंड दक्षिणेला आणि दुपारचे तीन वाजलेले. खालच्या थरातल्या पार मऊ पडल्या होत्या. स्ट्रॉबेरी घ्यायची तर सकाळीच घ्या, आणि डबा उचलून तळ बघा. रस सुटलेला असेल तर ठेवून द्या.

खरी खरेदी मधाची झाली. मैत्रिणीच्या घराच्या पुढच्याच वळणावर एक आजोबा मधमाश्या पाळतात आणि त्यांचं वायबोद म्हणजे काचेची दारं लावलेलं जुनं कपाट आहे. आत मधाच्या बाटल्या. मध पांढरट, घट्ट, चमचा उभा राहील असा. आपल्याकडे असा मध कुणी दिला तर साखर घातली म्हणून परत करतील. मीही शंका काढली. मैत्रीण म्हणाली, "अगं, त्यांनाच विचार ना," आणि थेट त्यांच्या अंगणात घेऊन गेली.

आजोबांनी इंग्रजीत छान समजावलं. मे महिन्यात इथे मोहरीच्या जातीच्या रेपसीडची पिवळी शेतं फुलतात. त्या फुलांच्या मधात ग्लुकोज जास्त असतं, म्हणून तो फार लवकर गोठतो. तसाच सोडला तर दाणेदार, दगडासारखा होतो. म्हणून गोठायला लागला की ते तो रोज ढवळतात, काही दिवस. ढवळल्याने स्फटिक मोठे होऊ शकत नाहीत, बारीकच राहतात, आणि मध लोण्यासारखा पसरतो. त्यांनी बादलीचं झाकण काढून दाखवलं. ढवळायचा स्टीलचा पिळदार दांडा ड्रिल मशीनला जोडलेला, मधावर शिंपल्यासारखी चमक. बोटावर घेऊन बघितला: दाणा जिभेला लागत नाही, वास हलका, गोडी आधी आणि किंचित तिखटपणा घशाशी नंतर. जुलैत लिंडनची झाडं फुलली की पुढचा मध वेगळा येतो, रंगाने गडद आणि वासाला तेज, असं ते म्हणाले. साठ क्रोनला एक बाटली. मी दोन घेतल्या.

आता तक्रार. आजोबांकडे पेटी आहे, पण वाटेतल्या बऱ्याच दुकानांत ती नव्हती, फक्त मोबाइलपेचा नंबर. तिथल्या लोकांना हे ॲप अंगवळणी पडलं आहे, 2013 पासून आहे. पण ते वापरायला तिथलं बँक खातं आणि फोन नंबर लागतो, भारतातून पाहुणा गेलेल्याकडे ते नसतं. मैत्रिणीने फोनवर पैसे भरले आणि मी तिला सुट्टे दिले, म्हणून निभावलं. एकटी असते तर ताज्या मटारासमोर हात चोळत उभी राहिले असते. आजोबांनी सांगितलं की जवळच्या गावात कुणीतरी पैशांची पेटीच उचकटून नेली, मग लोकांनी पेट्या काढल्या. त्यांचं बरोबर आहे. तरी मला वाटतं, जिथे पेटी आहे तिथे आपण पाहुण्यांनी आवर्जून खरेदी करावी, म्हणजे ती ठेवण्यात त्यांना अर्थ वाटेल.

तेव्हा जाताना नाणी जमवा. दहा आणि वीस क्रोनची पिवळी, भरीव नाणी सगळ्यात उपयोगी. एक, दोन आणि पाचच्या नाण्यांना मधे भोक असतं, तीही चालतात. नोट टाकलीत तर सुट्टे परत द्यायला कुणी नाही हे लक्षात ठेवा. हिशोब जुळत नसेल तर दोन क्रोन जास्त टाका, कमी टाकू नका. कापडी पिशवी बरोबर असू द्या, कारण बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

कुणाच्या घरी जात असाल तर भेटवस्तू शहरातून नेऊ नका. वाटेत जे ताजं दिसेल ते घ्या. मैत्रिणीच्या सासूबाई कॉफीला आल्या होत्या, त्यांनी मी आणलेल्या शेंगांची पिशवी पाहिली आणि पाटी न बघता कुठल्या शेतातल्या ते ओळखलं. त्यानंतर आमच्या गप्पांना कुणाच्या मध्यस्थीची गरज उरली नाही. त्यांनी मला कुठल्या वळणावर ऑगस्टमध्ये आलुबुखार आणि सप्टेंबरमध्ये सफरचंदं ठेवतात ते कागदावर काढून दिलं.

जून-जुलै बटाटे, मटार आणि स्ट्रॉबेरीसाठी. मधासाठी जूनपासून शरदापर्यंत केव्हाही. मधाच्या बाटल्या विमानात हातातल्या बॅगेत नेता येत नाहीत, द्रवपदार्थात धरतात. चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा, आणि झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घालायला विसरू नका.