ट्रेडमार्कची फाइल एजंटकडे दिली असेल तर हे वाचाच

आमच्या मसाल्याच्या नावाची नोंदणी आज आमच्याच जुन्या डिस्ट्रिब्युटरकडे आहे. नाव इथे लिहीत नाही. दावा चालू आहे, वकिलांनी मनाई केली आहे. त्याने फक्त शेवटच्या अक्षराची वेलांटी बदलली आणि पुडीवरचं उखळ डावीकडून उजवीकडे नेलं. रंग तोच, तांबडा-पिवळा. कायम आमचाच मसाला नेणारी गिऱ्हाइकं त्याची पुडी घेऊन जातात आणि तिखट कमी निघालं की फोन मला करतात.

आम्ही 2013 पासून हा मसाला विकतोय. धंदा वाढला तशी नोंदणी करायची ठरवली आणि ह्याच डिस्ट्रिब्युटरने, "वहिनी, आपला माणूस आहे," म्हणून एजंट गाठून दिला. एजंटने 22,000 घेतले. त्यात "सरकारी फी 9,000" असं लिहिलं होतं. एकट्या मालकाच्या किंवा लघुउद्योगाच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची फी 4,500 आहे. मसाले 30 नंबरच्या वर्गात येतात, दुसरा वर्ग लागतच नव्हता. सरकारी फीची पावती मागून घ्या. "नंतर देतो" म्हणाला तर तिथेच थांबा.

तो क्षण मला अजून झोपू देत नाही. एप्रिल महिना, मिरची कांडपाचा सीझन, अंगणात वाळत घातलेली मिरची आणि वर आभाळ आलेलं. एजंटने व्हॉट्सॲपवर अर्जाचा कागद पाठवला. "ताई, फक्त ओके करा, आज रात्रीच टाकतो." इंग्रजी फॉर्म. त्यात एक रकाना असतो, हे नाव कधीपासून वापरता. तिथे 2013 असायला हवं होतं. त्याने लिहिलं होतं, "प्रपोज्ड टु बी यूज्ड". म्हणजे अजून वापरलंच नाही, पुढे वापरणार! नऊ वर्षांची बिलं त्याच्या हातात दिली होती मी. बिलं देऊन, पैसे देऊन माणूस नेमल्यावर प्रत्येक रकाना आपणच तपासायचा असेल तर त्याला पैसे कशाचे दिले? ती बिलं पुढे कुठे गेली ते सांगतेच.

अर्जात पत्ता आणि ईमेल त्याचाच. ट्रेडमार्क खात्याचा आक्षेप आला तो त्याच्याकडे. उत्तराला एक महिना असतो. त्याने उत्तर दिलंच नाही, अर्ज सोडून दिल्यात जमा झाला, आणि आमच्याकडून "हिअरिंग फी" म्हणून 8,500 उकळले. विचारलं की एकच, "प्रोसेसमध्ये आहे ताई." वर सांगितलं, पुडीवर गोलातला आर, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, छापून घ्या, अर्ज झाला की चालतं. चालत नाही! नोंदणी झाल्याशिवाय तो छापणं बेकायदा आहे, त्याआधी फक्त टीएम, म्हणजे ट्रेडमार्क, एवढंच लिहायचं. 67,500 रुपयांच्या पुड्या छापून पडल्या आहेत.

बाजारात तसलीच पुडी दिसल्यावर मी एजंटलाच फोन केला. "विरोध दाखल करतो" म्हणून 12,000 घेतले. अर्ज खात्याच्या दर सोमवारी निघणाऱ्या जर्नलमध्ये छापून येतो आणि तिथून चार महिन्यांत विरोध करावा लागतो. विरोधाची ऑनलाइन फी 2,700. त्याने काही दाखल केलं नाही, चार महिने जाऊ दिले. कारण डिस्ट्रिब्युटरच्या अर्जावरही एजंट तोच होता! आणि जुन्या वापराचा पुरावा म्हणून तिथे जोडलेली बिलं आमची होती, माझ्या हस्ताक्षरातली. हे सगळं खात्याच्या वेबसाइटवर अर्जाचा नंबर टाकला की कुणालाही फुकट दिसतं.

एजंटकडे गेले 42,500. डिस्ट्रिब्युटरकडे मालाचे 1,86,400 अडकलेत. वर त्याचीच नोटीस, नाव वापरणं बंद करा.

पोलीस ठाण्यात सांगितलं, "सिव्हिल मॅटर आहे. सर्टिफिकेट कुणाकडे आहे? त्याच्याकडे ना?" माझ्या सहीची बिलं दुसऱ्याने आपली म्हणून लावली, हाही सिव्हिल मॅटर? अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर साहेब आल्यावर या. ट्रेडमार्कच्या मालावर धाड घालायची तर डीवायएसपी दर्जाचा अधिकारी लागतो, त्यालाही आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं, हे वकिलांनी सांगितलं, ठाण्यात कुणी सांगितलं नाही. खात्याच्या फोनवर उत्तर, "तुमच्या एजंटशी बोला." अहो, तक्रार एजंटचीच आहे! उद्योगाच्या सरकारी कार्यालयात म्हणाले, आमचं काम कर्जापुरतं. महिला उद्योजक म्हणून फोटो काढायला मात्र बोलावतात.

आता त्याची नोंदणी रद्द करण्याचा अर्ज ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 57 खाली टाकलाय. कलम 34 प्रमाणे आधीपासून वापरणाऱ्याला नोंदणीवाला अडवू शकत नाही. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या वापराचा हक्क नोंदणीपेक्षा वरचा मानलाय. पण पुण्यातल्या बर्गर किंग हॉटेलवर त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने केलेला दावा 2011 चा, जिल्हा न्यायालयाचा निकाल 2024 मध्ये, मग अपील. तेवढी वर्षं आम्ही कुठून काढायची?

जुनी बिलं, छपाईची बिलं, पहिल्या पुडीचा नमुना जपून ठेवा. अर्जात ईमेल स्वतःचा घाला. डिस्ट्रिब्युटरने सुचवलेला एजंट घेऊ नका. आणि ज्यांनी "आपल्या माणसाकडे" फाइल दिली आहे, त्यांनी आजच नंबर टाकून बघा. 'ऑब्जेक्टेड', म्हणजे खात्याचा आक्षेप, दिसलं तर महिना संपायच्या आत वकील गाठा, एजंटला फोन करू नका.