बँकॉकमधील पहिले चार दिवस: मुक्काम बांगलामफूला करावा की सुखुमवितला?

एकट्याने, पाठीवर सॅक टाकून आग्नेय आशियाच्या प्रवासाला निघालेल्या अनेकांचा पहिला मुक्काम बँकॉकला पडतो आणि हॉस्टेल निवडताना त्यांच्यासमोर मुख्यतः दोन भाग येतात. एक म्हणजे नदीकाठच्या जुन्या शहरातील बांगलामफू, ज्यात प्रसिद्ध खाओ सान रस्ता येतो. आणि दुसरा म्हणजे उंच इमारतींचा व मॉलचा सुखुमवित, ज्याच्या डोक्यावरून बीटीएस ही उन्नत रेल्वे धावते. दोन्हींमधील अंतर सुमारे आठ किलोमीटर असले, तरी संध्याकाळच्या वाहतुकीत ते कापायला तासभर सहज लागतो. त्यामुळे डॉर्ममधील खाटेच्या भाड्यातला थोडासा फरक पाहून निर्णय घेणे मला चुकीचे वाटते. पहिल्या दिवसांत आपण काय पाहणार आणि संध्याकाळी कोणाच्या सोबतीने बसणार, यावरून तो घ्यावा.

पोहोचण्याच्या दिवशी सुखुमवित निःसंशय सरस ठरते. सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरातूनच एअरपोर्ट रेल लिंकची गाडी सुटते. मक्कासान स्थानकावर उतरून पादचारी पुलाने फेच्चबुरी मेट्रो स्थानक गाठले, की पुढचेच स्थानक सुखुमवितचे. अनोळखी देशात पहिल्याच तासाला कोणाशी घासाघीस करावी लागत नाही, ही एकट्या माणसासाठी मोठी सोय आहे. बांगलामफूला मात्र अजून रेल्वे पोहोचलेली नाही. एस-१ क्रमांकाची बस ६० बातमध्ये (बात हे थायलंडचे चलन) थेट खाओ सानपर्यंत नेते, पण ती दिवसाच धावते. मुंबईहून रात्री निघणारी विमाने तिकडे पहाटे उतरतात. अशा वेळी बसची वाट पाहावी लागते किंवा मीटरची टॅक्सी करावी लागते. टॅक्सीचे मीटर ३५ बातपासून सुरू होते आणि त्यावर विमानतळाचे ५० बात व द्रुतगती मार्गाचा टोल वेगळा द्यावा लागतो.

दुसऱ्या दिवसापासून पारडे फिरते. जुन्या शहरातला राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो, तिकीट ५०० बात आहे आणि दुपारी साडेतीननंतर प्रवेश मिळत नाही. बांगलामफूला राहणारा माणूस सनाम लुआंगचे मोठे मैदान ओलांडून अर्ध्या तासात चालत तिथे पोहोचतो आणि सहलीच्या बस येण्यापूर्वी आत शिरतो. तिथून वात फो (‘वात’ म्हणजे मंदिर) जवळच आहे, ज्यातील निद्रिस्त बुद्धाची मूर्ती ४६ मीटर लांब आहे. आणि था तिएनच्या धक्क्यावरून छोट्या नावेने पलीकडे गेले, की वात अरुण. हा सगळा दिवस पायी आणि नावेने होतो. गुडघे व खांदे झाकणारे कपडे मात्र सोबत हवेत. वाटेत एखादा नीटनेटका गृहस्थ ‘राजवाडा आज बंद आहे’ असे सांगून स्वस्त टुकटुकने, म्हणजे तिथल्या तीनचाकी रिक्षाने, दुसरी मंदिरे दाखवायला तयार झाला, तर न थांबता पुढे चालावे. त्या फेरीचा शेवट रत्नांच्या दुकानात होतो. राजवाडा उघडा आहे की नाही, हे प्रवेशद्वाराशी जाऊनच पाहावे.

बांगलामफू म्हणजे खाओ सान नव्हे, हे मला आवर्जून सांगायचे आहे. प्रत्यक्ष खाओ सानवर मध्यरात्रीनंतरही ध्वनिवर्धकांचा दणदणाट चालू असतो. तिथे झोप मिळण्याची आशा धरू नये. फ्रा आथित रस्ता, किंवा त्याहून चांगले म्हणजे कालव्यापलीकडील सामसेनच्या गल्ल्या निवडाव्यात. चालत दहा मिनिटांवर असूनही तिथे घरगुती शांतता आहे. संध्याकाळी फ्रा सुमेन किल्ल्याजवळच्या नदीकाठच्या बागेत संगीताच्या तालावर सामूहिक व्यायाम चालतो. त्यात आजीबाई, नोकरदार आणि प्रवासी एकाच रांगेत हातपाय हलवतात, समोर राम आठवे पुलाचे दिवे लागतात आणि कोणालाही ओळख विचारली जात नाही. एकट्या प्रवाशाला दिवस सहसा जड जात नाही. जड जाते ती पहिली, दुसरी संध्याकाळ, आणि त्या बाबतीत बांगलामफूची सर सुखुमवितला नाही.

सुखुमवितचे बळ त्याच्या दळणवळणात आहे. असोक येथे बीटीएस आणि मेट्रो एकत्र येतात, आणि तिथून थोडे चालत गेले की सेन सेप कालव्याचा धक्का लागतो. या कालव्याची नाव हा स्वतंत्र अनुभव आहे: पाणी उडू लागले की काठावर बसलेले प्रवासी दोरी ओढून प्लॅस्टिकचा पडदा वर घेतात आणि तिकीट देणारा नावेच्या बाहेरच्या अरुंद कडेवरून चालत पैसे गोळा करतो. प्रतुनामच्या धक्क्यावर दुसरी नाव पकडून पुढे गेले, तर जुने शहर जवळ येते. नाना स्थानकाच्या आसपासच्या काही गल्ल्या रात्रीच्या धंद्यांसाठी ओळखल्या जातात. एकट्या स्त्रीने असोकच्या पुढचा भाग, किंवा अधिक स्वस्त हवे असल्यास त्याच बीटीएस मार्गावरचे ऑन नुत, पाहावा.

शाकाहारी वाचकांसाठी सुखुमवित थोडे सोपे आहे, कारण तिथे भारतीय उपाहारगृहे बरीच आहेत आणि मॉलमधील फूड कोर्टमध्ये पदार्थ डोळ्यांनी पाहून मागता येतो. रस्त्यावरच्या पाद थाईत (परतलेल्या नूडल्स) किंवा सोम तममध्ये (कच्च्या पपईची कोशिंबीर) माशाचा सॉस आणि सुकी कोळंबी असतेच असे धरून चालावे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेले दुकान दिसले, तर तिथे मांस, मासे, अंडी इतकेच नव्हे, तर लसूणही वर्ज्य असते, त्यामुळे जैन वाचकांनाही ते काही अंशी उपयोगी पडेल.

चायनाटाउन हा तिसरा पर्याय आहे. वात मांगकोन मेट्रो स्थानक २०१९ मध्ये झाल्यापासून तिथे जाणे सोपे झाले. खाण्यासाठी एक संध्याकाळ अवश्य द्यावी, परंतु पहिल्या मुक्कामासाठी तो भाग मला फार गजबजलेला वाटतो.

चार रात्री हाती असतील, तर माझा सल्ला असा की पहिल्या तीन सामसेनला काढाव्यात आणि शेवटची असोकला, म्हणजे परतीच्या किंवा पुढच्या विमानासाठी रेल्वे हाताशी राहील. केवळ दोनच रात्री असतील आणि विमान रात्री उशिरा उतरणार असेल, तर मुक्काम न बदलता असोकला राहून कालव्याच्या नावेने जुने शहर पाहावे. विमान डॉन मुएंग या शहरातील दुसऱ्या विमानतळावर दिवसा उतरणार असेल, तर प्रश्न आणखी सोपा होतो, कारण तिथून ए-४ बस ५० बातमध्ये थेट खाओ सानला येते.