जुनी फुल सस्पेन्शन सायकल: सर्व्हिस, अपग्रेड की नवी?

दहा-बारा वर्षं जुन्या फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणाऱ्या) माउंटन बाईकवर अजून खर्च करावा का, हा प्रश्न पडला की बहुतेक जण थेट नवा फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्क्याने दबणारा भाग) आणि बारा गिअरची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) शोधायला लागतात. माझ्या मते सुरुवात तिथून करू नये. आधी आपली तक्रार नेमकी काय आहे ते लिहून काढावं. तीव्र उतारावर हँडलवरून पुढे फेकले जाऊ असं वाटतं? चढावर पुढचं चाक उचललं जातं? मागून टकटक आवाज येतो? फोर्क लहान दगडांवर हलतच नाही? यातली काही दुखणी झिजेची असतात, काही एखाद्या पार्टची, आणि काही फ्रेमच्या मापांची. झीज सर्व्हिसने भरून निघते आणि पार्ट बदलता येतात. फ्रेमची मापं मात्र कारखान्यातून आली तशीच राहतात, आणि नव्या सायकलचे पैसे खरे त्या मापांसाठीच मोजायचे असतात.

झिजेची तपासणी घरी अर्ध्या तासात होते. सायकल उभी धरून सीटला पकडून मागचा भाग हलकेच उचला आणि खाली सोडा. बोटांना बारीक "टक" जाणवलं तर शॉकच्या (मागचे धक्के झेलणाऱ्या दांड्याच्या) टोकांची बुशिंगं किंवा पिव्हटची (फ्रेमच्या फिरत्या सांध्यांची) बेअरिंगं गेली आहेत. मग शॉकचा एक बोल्ट काढा आणि मागचा त्रिकोण (मागचं चाक धरणारा फ्रेमचा भाग) हाताने वरखाली करा. तो स्वतःच्या वजनाने अलगद खाली यायला हवा. मध्येच खरखर लागली, एखाद्या ठिकाणी अडखळला किंवा आडवा हलला, तर बेअरिंगचा संच बदलायची वेळ आली. ही बेअरिंगं बहुधा प्रमाणित मापांचीच असतात, त्यामुळे कंपनीने ते मॉडेल बंद केलं असलं तरी मिळतात. पिव्हटचे बोल्ट आणि ॲक्सल मात्र त्या-त्या फ्रेमसाठी वेगळे बनवलेले असतात. ते मिळतात का, हे बाकी काहीही विकत घेण्याआधी विचारून घ्यावं.

फोर्कबद्दल तर मी आग्रहाने सांगेन: सर्व्हिस न करता त्याच्याबद्दल मत बनवू नका. फोर्क बनवणारी रॉकशॉक्स कंपनी आपल्या फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस ५० तासांनी करायला सांगते, फॉक्स १२५ तासांनी किंवा वर्षातून एकदा. प्रत्यक्षात कित्येक फोर्क वर्षानुवर्षं उघडलेलेच नसतात. आतलं वंगणाचं तेल काही फोर्कमध्ये जेमतेम १०-१५ मिली असतं. ते वाळलं, सील कडक झाले की तोच फोर्क लाकडासारखा वाटू लागतो आणि माणूस म्हणतो, जुनं तंत्रज्ञान आहे, चालायचंच. नवे सील, ताजं तेल, सॅग (आपल्या वजनाने सस्पेन्शन दबतं तेवढा भाग) कंपनीने सांगितल्याइतका आणि रिबाउंड (दबल्यावर परत वर येण्याचा वेग) नीट लावलेला, एवढ्यावर सायकल कशी चालते ते पाहून मगच पुढचा निर्णय घ्यावा. एक गोष्ट मात्र सर्व्हिसने परत येत नाही. फोर्कच्या वरच्या नळ्यांवरचा सोनेरी किंवा काळा थर घासून खाली चकचकीत धातू दिसत असेल आणि नखाला कड लागत असेल, तर वरचा पूर्ण भाग बदलावा लागतो. जुन्या फोर्कसाठी तो मिळणं अवघड, आणि मिळालाच तर त्याची किंमत ऐकून नवा फोर्क परवडला असं वाटतं.

शेवटी फ्रेम धुऊन, पुसून, टॉर्च घेऊन बघा: हेड ट्यूबमागची (हँडल जिच्यात फिरतं त्या नळीमागची) वेल्डिंग, सीट ट्यूब (सीटखालची नळी) आणि टॉप ट्यूबचा (वरच्या आडव्या नळीचा) जोड, शॉक जिथे बसतो ती जागा, आणि बॉटम ब्रॅकेटमागे (पेडलच्या आसामागे) मागचा त्रिकोण जिथे जोडलेला असतो तो भाग. ॲल्युमिनियमच्या तड्याची सुरुवात पेंटवरच्या केसासारख्या रेषेने होते. पुसल्यावरही त्या रेषेत काळा मळ राहतो. ॲल्युमिनियम पोलादासारखं नसतं. ताण कितीही कमी असला तरी पुरेशा वेळा पडला तर ते थकत जातंच. तडा सापडला तर अपग्रेडचा विषय तिथेच संपला. वेल्ड करून चालवू, असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या धातूची ताकद जाते, आणि ती परत आणणारी उष्णता-प्रक्रिया साध्या वर्कशॉपमध्ये होत नाही.

आता फ्रेम धडधाकट आहे असं धरून चालू. पुढचं उत्तर सायकल कोणत्या काळातली आहे यावर ठरतं, म्हणून दोन सायकली शेजारी-शेजारी ठेवतो.

पहिली २०१० च्या आसपासची. चाकं २६ इंची, हेड ट्यूब सरळ, मागे १३५ मिमीचा क्विक रिलीज (हाताने उघडणारा चाकाचा आस), पुढे तीन चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चक्रं), स्टेम (हँडलबार धरणारा तुकडा) ८०-९० मिमी, हँडलबार ६८० मिमीच्या आसपास. हेड ट्यूबचा जमिनीशी कोन ६८ ते ७० अंश. दुसरी २०१६ च्या आसपासची. चाकं २७.५ किंवा २९ इंची, टेपर्ड (खाली रुंद होत जाणारी) हेड ट्यूब, मागे १२ मिमीचा थ्रू ॲक्सल (आरपार जाणारा जाड आस, रुंदी १४२ किंवा १४८ मिमी), पुढे एकच चेनरिंग, ड्रॉपर पोस्टची (चालवताना उंची बदलता येणाऱ्या सीटच्या दांड्याची) केबल फ्रेमच्या आतून. कोन ६७ ते ६८.

दोन्ही जुन्याच, पण पहिलीच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक पार्टचं माप बाजारातून गेलं आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या क्रॉस-कंट्रीत यारोस्लाव्ह कुल्हाव्हीने २९ इंची फुल सस्पेन्शनवर सुवर्ण जिंकलं आणि निनो शुर्टरने २७.५ इंची चाकांवर रौप्य. त्यानंतर काही वर्षांतच नव्या ट्रेल सायकलींतून २६ इंची चाक जवळपास नाहीसं झालं. टायर अजून मिळतात. मॅक्सिस मिनियनसारखं चांगलं टायरही २६ इंचात आहे. पण सरळ स्टीअररचा (हेड ट्यूबमध्ये जाणाऱ्या नळीचा), २६ इंची चाकाचा, आजच्या दर्जाचा डॅम्पर (सस्पेन्शनची हालचाल आवरणारा भाग) असलेला नवा फोर्क शोधायला गेलात तर पर्याय फार थोडे. नवा टेपर्ड फोर्क अरुंद हेड ट्यूबमध्ये बसत नाही. नवी चाकं घ्यावीत, तर चांगले हब (चाकाचे मधले भाग) आता बूस्ट मापाचे, म्हणजे पुढे ११० आणि मागे १४८ मिमी. थोडक्यात, या सायकलवर घातलेला मोठा पैसा पुढच्या सायकलवर नेता येत नाही. म्हणून २६ इंचीसाठी माझं मत स्पष्ट आहे: सर्व्हिस करा, बेअरिंगं बदला, टायर बदला, लहान स्टेम आणि रुंद हँडलबार लावा, आणि तिथे थांबा. फोर्क, शॉक, चाकं अशी मोठी खरेदी तिच्यासाठी करू नका.

दुसरीची गोष्ट वेगळी. तिला नवा फोर्क बसतो, ड्रॉपर बसतो, चाकं सहज मिळतात. अडचण येते ती मागच्या शॉकपाशी. २०१६ मध्ये मेट्रिक (मिलिमीटरवर आधारलेल्या) मापांचे शॉक आले. त्याआधीच्या फ्रेममध्ये २००×५७ किंवा २१६×६३ मिमीसारखी (लांबी × दबण्याचं अंतर) इंचांवरून आलेली मापं असतात, आणि २१०×५५ चा नवा शॉक २०० च्या जागी बसवता येत नाही. जुन्या मापांचे शॉक अजून मिळतात, पण पर्याय कमी होत चालले आहेत. सध्याचा शॉक दुरुस्त होण्यासारखा असेल तर त्याची पूर्ण सर्व्हिस करून घेणं नवा घेण्यापेक्षा नेहमीच शहाणपणाचं.

पार्ट बदलून सर्वांत जास्त काय मिळतं, असं विचारलं तर मी आधी टायर म्हणेन. जुन्या सायकलवर बहुधा २.१ इंची, ट्यूब घातलेले, कडक हवेचे टायर असतात. फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी मोकळी जागा राहत असेल तर २.३ किंवा २.४ इंची टायर, ट्यूबलेस, कमी हवेवर. पकड, आराम, वळणावरचा विश्वास, तिन्हींत लगेच फरक पडतो. त्यानंतर ड्रॉपर पोस्ट. उतारावर सीट खाली गेली की शरीर मागे आणि खाली नेता येतं, आणि जुन्या उभ्या कोनाच्या सायकलवर याचा फायदा नव्या सायकलपेक्षाही जास्त, कारण तिथेच तोल जाण्याची भीती अधिक असते. सीट ट्यूबचं माप मात्र नीट मोजा. ३०.९ आणि ३१.६ मिमी यांत फरक एक मिलिमीटरचाही नाही, तरी एकाचा पोस्ट दुसऱ्यात थेट चालत नाही.

ब्रेकवर केलेला खर्चही वाया जात नाही. चार पिस्टनचे कॅलिपर आणि १६० ऐवजी १८० मिमीची डिस्क साध्या ॲडॉप्टरने बहुतेक जुन्या फ्रेमवर बसते (मागे किती मोठी डिस्क चालते ते कंपनीच्या मर्यादेत बघून घ्या), आणि उद्या हेच ब्रेक नव्या सायकलवर जातात.

गिअरच्या बाबतीत लोक गरजेपेक्षा जास्त खर्च करतात. बारा गिअरच्या बहुतेक कॅसेटना दहा दातांचा सर्वांत लहान स्प्रॉकेट असतो, आणि तो जुन्या एचजी फ्रीहबवर (कॅसेट जिथे बसते त्या हबच्या जुन्या मापाच्या भागावर) बसत नाही. त्यासाठी स्रॅमची एक्सडी किंवा शिमानोची मायक्रो स्प्लाइन बॉडी लागते, म्हणजे बऱ्याचदा नवा हब, म्हणजे नवं चाक. शिमानोच्या अकरा गिअरच्या डिओर संचात ११-५१ ची कॅसेट आहे, ती जुन्याच एचजी बॉडीवर चढते. शिफ्टर, डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग), चेन आणि कॅसेट एकाच घराण्यातली घ्या, पुढे नॅरो-वाइड (आलटूनपालटून अरुंद-रुंद) दातांची एकच चेनरिंग लावा. पुढचा डिरेलर, त्याची केबल आणि शिफ्टर गेले की सायकल हलकी आणि शांत होते. २६ इंची चाकावर ३२ दातांची चेनरिंग चढावर २९ इंचीवरच्या २९ दातांसारखी वाटते, त्यामुळे त्याहून लहान घ्यायची गरज सहसा पडत नाही. जुन्या फ्रेमचं सस्पेन्शनही बहुधा ३२ च्या आसपासची मधली चेनरिंग धरूनच आखलेलं असतं. फार लहान किंवा मोठी लावली की पेडल मारताना सायकल वेगळीच वागते.

आणि भूमिती, म्हणजे फ्रेमचे कोन आणि मापं? तिथे पार्ट बदलून काय होतं आणि काय होत नाही, हे समजून घेणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण फसवे अपग्रेड इथेच होतात. २० मिमी लांब फोर्क लावला की हेड ट्यूबचा कोन साधारण १ अंशाने झुकतो. उतारावर बरं वाटतं. पण पूर्ण सायकलच मागे झुकते, त्यामुळे सीट ट्यूबचा कोनही तेवढाच ढासळतो, बॉटम ब्रॅकेट वर जातो, आणि चढावर आधीच हलकं असलेलं पुढचं चाक आणखी हलकं होतं. फ्रेमवरचा ताणही वाढतो. कंपनीने फोर्कच्या लांबीची मर्यादा दिलेली असते, ती ओलांडू नये. त्यापेक्षा अँगल हेडसेट (हेड ट्यूबमध्ये बसणारे, कोन बदलणारे बेअरिंग-कप) बरा. हेड ट्यूब पुरेशी रुंद असेल तर २ अंशांपर्यंत फरक मिळतो आणि सायकलची उंची वाढत नाही.

चढावरची तक्रार कमी करायला सीट रेल्सवर पुढे सरकवता येते. १२ मिमी म्हणजे साधारण १ अंश. पण मग सीटपासून हँडलचं अंतर कमी होतं आणि जुन्या सायकलचा रीच (बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) मुळातच आखूड. मिडियम मापात २०१० च्या सुमारास ४०० मिमीच्या आसपास रीच असायचा, आज ४५० किंवा त्याहून जास्त असतो. आजच्या ट्रेल सायकलला हेड ट्यूबचा कोन ६४ ते ६६ अंश, सीट ट्यूबचा ७६ ते ७८, स्टेम ३५ ते ५० मिमी. लांब रीच, आखूड स्टेम, झुकलेलं पुढचं चाक आणि उभी सीट ट्यूब ही एकमेकांना धरून ठरवलेली मापं आहेत. एक बदललं की बाकीची बिघडतात, आणि म्हणूनच ती जुन्या फ्रेमवर एकेक करून आणता येत नाहीत. तुमच्या यादीतली मोठी तक्रार "उतारावर पुढे फेकलं जाण्याची भीती" आणि "चढावर पुढचं चाक उचललं जाणं" या दोन्ही असतील, तर कितीही पार्ट बदला, समाधान होणार नाही. तिथे नवी सायकलच घ्या.

उलट, तुमच्या वाटा बऱ्यापैकी सपाट, वळणावळणाच्या, फार तीव्र उतार नसलेल्या असतील, तर नवी लांब सायकल कमी वेगात जड आणि आळशी वाटू शकते. तिथे २०१६ ची सायकल चांगल्या टायरवर आजही मजा आणते, आणि केवळ नवी आली म्हणून ती टाकून देण्याचं काहीही कारण नाही.

खर्चाची हद्द म्हणून मी हा ठोकताळा वापरतो: टायर, चेन, पॅड, बेअरिंग या झिजणाऱ्या गोष्टी वगळून अपग्रेडचा एकूण खर्च आपल्याला हव्या असलेल्या नव्या सायकलच्या एक तृतीयांशापुढे जात असेल, तर तोच पैसा साठवावा. तीन-चार वर्षं जुनी, वापरलेली सायकल हा मधला रस्ताही आहे. तिच्यात आजची मापं बहुतेक मिळतात. २०१९ मध्ये आलेला यूडीएच हँगर (मागचा डिरेलर लावायचा प्रमाणित तुकडा) तिला असेल तर आणखी चांगलं, कारण तो सहज मिळतो आणि स्रॅमचे २०२३ पासूनचे ट्रान्समिशन गिअर त्याच फ्रेमवर बसतात. वापरलेली घेताना वरची सगळी तपासणी तिच्यावर करा, शॉकचा बोल्ट काढण्यासकट. विकणारा नको म्हणाला तर दुसरी बघा.

नवी किंवा वापरलेली घ्यायची ठरली, तर जुनीवरचं काय उतरवून घ्यायचं तेही आधी ठरवा. पेडल, सीट, ग्रिप आणि ब्रेक नेता येतात, ड्रॉपर फक्त सीट ट्यूबचं माप जुळलं तर. चाकं, फोर्क आणि शॉक जुन्या फ्रेमबरोबरच राहू द्या आणि ती पूर्ण, चालती सायकल म्हणून द्या, कारण ते सुटे पार्ट घ्यायला आता फारसं कोणी येत नाही.