बिनलेबलच्या डबीतली ‘घरगुती’ क्रीम

थंडी सुरू झाली की आपल्याकडे बचत गटाच्या बैठकीत, आठवडी बाजारात, संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला एक पांढरी डबी फिरायला लागते. तिच्यावर ना बनवणाऱ्याचं नाव, ना तारीख. “तोंड उललंय ना? हे लावा. घरी केलेलं आहे, केशर आणि साय,” एवढंच सांगतात. ही डबी माझ्या भावजयीने घेतली. पुढे जे झालं ते परभणी-हिंगोली-बीडकडच्या बायांपर्यंत पोचावं म्हणून लिहिते आहे.

ती गंगाखेड तालुक्यात राहते. दिवसभर शेतात, तोंडावर सतत वारं. परभणीचा पारा एखाद्या थंडीत पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि हवेत ओल म्हणून नसते. त्यात बोअरचं जड पाणी, आणि अंगाचाच साबण तोंडाला. गालांवर पांढरे पापुद्रे सुटायचे, हसलं तरी कातडी ओढायची. विकणारी बाई तिच्या माहेरच्या ओळखीतली होती. अडीचशे रुपये दिले, पावती कोण मागतं?

थोड्याच दिवसांत चेहरा मऊ पडला, लाली गेली, रंगही उजळल्यासारखा वाटला. शेजारणींनीही डब्या घेतल्या. खरी फसवणूक इथून पुढे आहे. डबी संपली आणि लावणं थांबलं, तसा चेहरा लालबुंद झाला. मला फोन आला, “आक्का, तोंडाची नुसती आग व्हायलीय, उन्हात उभं राहवंना.” विकणारीला विचारलं तर उत्तर तयार होतं: “आतली घाण बाहेर पडायलीय. थांबू नका, आता दोन वेळा लावा.” दुसरी डबी लावली की आग शमायची, त्यामुळे तिचं म्हणणं खरंच वाटायचं. डब्यांवर डब्या गेल्या. मग गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव वाढली, कधी नव्हे ते फोड आले.

परभणीला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेलं. चेहरा बघूनच त्यांनी विचारलं, “कोणती क्रीम लावताय?” डबी दाखवली. ही सगळी लक्षणं स्टेरॉइडची आहेत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखी ही औषधं. ती त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसवतात, म्हणून लाली आणि जळजळ चटकन जाते. पण रोज लावत राहिलं की चेहऱ्याची कातडी पातळ होते, आणि थांबवलं की त्याच रक्तवाहिन्या फुगून आग होते. म्हणजे ज्याला ‘घाण बाहेर पडणं’ म्हणत होते, ते त्याच क्रीमचं दुखणं होतं. स्टेरॉइड हे औषध वाईट नाही, डॉक्टर गरजेपुरतं, मोजक्या दिवसांसाठी देतात. म्हणूनच 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या यादीत टाकली. ते केशराच्या नावाखाली बायांच्या हातात देणं हा माझ्या लेखी गुन्हाच आहे.

पैसे मागायला गेलो तर ती बाई म्हणाली, “मी कुठे विकते? गटातल्यांनी मागितली म्हणून आणून दिली.” पावती नाही, नाव नाही, सिद्ध काय करणार? भावजयीचा चेहरा सावरायला कित्येक महिने गेले. डॉक्टरांनी औषध टप्प्याटप्प्याने बदललं. तुमच्याकडे कोणी अशी क्रीम बरेच दिवस लावत असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि चीड येते ती याची, की कोरड्या चेहऱ्याला लागतं फार थोडं. डॉक्टरांनी तिला साबण सोडायला लावला, कढत पाण्याऐवजी कोमट पाणी सांगितलं, आणि तोंड पुसल्यावर कातडी थोडी ओली असतानाच ग्लिसरीन असलेलं साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायला सांगितलं. ओठांना आणि उललेल्या जागी पेट्रोलियम जेली. शेतात जाताना स्कार्फ आणि सनस्क्रीन. लिंबू, बेसन, मुलतानी माती बंद, कारण कोरडी कातडी त्याने आणखी कोरडी पडते. हे सगळं मेडिकलमध्ये मिळतं, पावतीसकट.

क्रीम कोणतीही घ्या, डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची आणि वापराची मुदत बघा. सौंदर्यप्रसाधनांवर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. चार दिवसांत गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये पाराही सापडलेला आहे, आणि तो मूत्रपिंडावर जातो.

कोणी फसलं असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात तक्रार करा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. रागाने डबी उकिरड्यावर फेकू नका. तळाशी थोडी क्रीम उरलेली असेल तशीच झाकण लावून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या. विकणारीशी फोनवर झालेले मेसेजही पुसू नका.